बिझनेस स्कूलचे निबंध: 'मी' लिहायला हात धजत नाही

तिसरी_पाळी | ५ जुलै, रात्री ११.१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. वय २८, मूळ गाव इचलकरंजी, इंजिनिअरिंग सांगलीला. गेली साडेपाच वर्षं चाकणला, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. एमबीएची प्रवेश परीक्षा जीमॅट झाली, ६६५ आले. हैदराबादच्या आयएसबीला आणि फ्रान्सच्या इन्सिआडला अर्ज करायचाय, जमलं तर अमेरिकेतल्या एखाद्या शाळेलाही.

अडलंय निबंधांवर. तीन आठवडे रोज रात्री दोनशे शब्द लिहिते आणि पुसते. एका सल्लागाराकडे गेले होते. त्यांनी दोन तास माहिती विचारली आणि चार दिवसांनी 'तयार' निबंध पाठवला. त्यातली मुलगी मला ओळखूच येईना. अर्धे पैसे भरून झालेत, उरलेले भरायचे का ते ठरवायचंय.

माझा स्वतःचा मसुदा इंग्रजीत आहे, मराठीत साधारण असा:

"लहानपणापासूनच मला नेतृत्वाची आवड होती. आमच्या कारखान्यात आम्ही विविध विभागांना एकत्र आणून गुणवत्ता सुधारण्याचा प्रकल्प यशस्वीपणे राबवला. त्यामुळे परत येणाऱ्या मालाचं प्रमाण लक्षणीय घटलं. यातून मला संघभावनेचं महत्त्व कळलं. आता जागतिक दर्जाचं शिक्षण घेऊन मला माझी क्षितिजं विस्तारायची आहेत."

यात खोटं काही नाही. तरी वाचताना मलाच कंटाळा येतो. काय चुकतंय?

जंगलवाट | ६ जुलै, सकाळी ७.३५

मी २०१२ साली इन्सिआडला अर्ज केला होता. फाँतेनब्लोला शिकले, आता सिंगापूरला असते. तुझा उतारा तीनदा वाचला. एक गोष्ट बघ. 'मला आवड होती', 'मला कळलं', 'मला विस्तारायची आहेत' असं तू म्हणतेस, पण प्रत्यक्ष कामाच्या वाक्यात एकदम 'आम्ही' येतं. म्हणजे आवड तुझी, शिकवण तुझी आणि काम सगळ्यांचं. वाचणाऱ्याला नेमकं तेच वाक्य हवं असतं आणि नेमकं तिथेच तू गर्दीत जाऊन उभी राहिलीस.

मीही हेच केलं होतं. आपल्या घरांतून शिकवलेलं असतं की स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये. शिकवण चांगलीच आहे. पण 'मी फार कर्तबगार आहे' म्हणणं वेगळं आणि 'मंगळवारी रात्री मी कपाट उघडून रजिस्टर काढलं' म्हणणं वेगळं. पहिल्यात बढाई आहे, दुसरी नुसती माहिती. निबंधात दुसऱ्या जातीची वाक्यं भरपूर हवीत. तेवढी असली की कौतुक वाचणारा आपणहून करतो.

तेव्हा सांग: किती वाजले होते? समोर कोण होतं? तुला काय दिसलं? नको कोण म्हणालं? आणि तू काय केलंस? 'लक्षणीय' म्हणजे किती?

पैनगंगा | ६ जुलै, सकाळी ९.०२

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. मला हा निबंधांचा प्रकारच अन्यायाचा वाटतो. आयआयएमच्या कॅट परीक्षेला हिंगोलीच्या पोराला आणि दक्षिण मुंबईच्या पोराला एकच पेपर. निबंधात मात्र ज्याने शाळेत असताना युरोप पाहिला, ज्याच्या वडिलांच्या ओळखीने संस्थेत काम मिळालं, त्याच्याकडे सांगायला ढीगभर. वर पैसे टाकून लिहून घ्यायची सोय आहेच. माझ्याकडे काय आहे? शेती, वसतिगृह, कॅम्पसमधून नोकरी. सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही.

ओसरीवर | ६ जुलै, दुपारी १.४०

पैनगंगा, तुमचा मुद्दा मला उडवून लावता येणार नाही. पैशाचा फायदा आहे, इंग्रजीचाही आहे. मी अमेरिकेत शिकलो आणि गेली बरीच वर्षं माझ्या शाळेसाठी माजी विद्यार्थी म्हणून इथल्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो. मुलाखतीला बसल्यावर दहा मिनिटांत कळतं की निबंध कुणी लिहिलाय. ज्याने विकत घेतलेला असतो त्याला विचारावं, 'मग त्या दिवशी तुमच्या साहेबांनी नेमकं काय म्हटलं?' तो गडबडतो, कारण तो दिवस त्याच्या निबंधात असतो, डोक्यात नसतो.

युरोप पाहिल्याचा म्हणाल तर प्रवासावरचे निबंध बहुधा एकासारखे एक निघतात. शेती आणि वसतिगृह असलेला माणूस 'काही घडलेलंच नाही' म्हणतो, तेव्हा मला त्याला खुर्चीत बसवून विचारावंसं वाटतं की वसतिगृहाच्या मेसचा हिशेब कोण बघायचं?

आता धागाकर्तीसाठी. प्रत्येक शाळेचा प्रश्न नीट वाच, कारण प्रश्नावरून ती शाळा काय शोधते ते दिसतं. स्टॅनफर्ड कित्येक वर्षं एकच विचारते आहे: तुमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? लोक 'काय' वर अख्खा निबंध खर्च करतात; जीव सगळा 'का' मध्ये आहे. हार्वर्डला आधी नऊशे शब्दांचा एकच मोकळा प्रश्न असे, आणखी काय सांगावंसं वाटतं असा. २०२४ पासून त्यांनी तो काढून तीन छोटे प्रश्न आणले: व्यवसायाकडे तुमची दृष्टी, दुसऱ्यांमध्ये केलेली गुंतवणूक, आणि कुतूहलातून झालेली वाढ. पहिल्याला तीनशे शब्द, बाकीच्या दोघांना अडीचशे. अडीचशे शब्दांत प्रस्तावनेला जागाच नाही, पहिल्या ओळीत प्रसंगात शिरावं लागतं. एमआयटी स्लोन निबंधाऐवजी तीनशे शब्दांचं पत्र मागते, नोकरीच्या अर्जासोबत जोडतो तसं. कोलंबिया तर शिकून झाल्यावर लगेच काय करणार ते पन्नास अक्षरांत विचारत आली आहे. पन्नास शब्द नव्हे, अक्षरं. तिकडे अर्ज करायचा नसला तरी तेवढं एक करून बघ. पन्नास अक्षरांत बसत नसेल तर काय करायचंय ते अजून ठरलेलं नाही असं समज.

आणि एकच निबंध सगळीकडे नावं बदलून फिरवू नकोस. दुसऱ्या शाळेचं नाव तसंच राहून गेलेले अर्ज लोकांनी खरोखर पाठवले आहेत.

उद्या_नक्की | ६ जुलै, दुपारी ३.१५

वाचतोय. एक शंका: चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं आणि मग आपण थोडं बदललं तर काय हरकत आहे? सगळेच करतात.

जंगलवाट | ६ जुलै, संध्याकाळी ६.२०

@उद्या_नक्की, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नियमाची. अर्जाच्या शेवटी 'हे माझं स्वतःचं काम आहे' अशा अर्थाच्या घोषणेखाली आपण सही करतो. यंत्राची मदत कितपत चालेल याचे नियम शाळेगणिक वेगळे आहेत, ज्या शाळेला अर्ज करणार तिचं पान उघडून वाच. उचलेगिरी तर शाळा फार आधीपासून तपासतात. २०१२ साली यूसीएलएच्या अँडरसन शाळेने निबंधांत उचललेला मजकूर सापडल्यावरून ५२ अर्ज नाकारल्याची बातमी गाजली होती. त्याच्या थोडं आधी पेन स्टेटच्या स्मील शाळेत उमेदवार पकडले गेले ते तत्त्वनिष्ठ नेतृत्वावरच्या निबंधात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिसरी_पाळीचा पहिला उतारा परत वाच. तो तिने स्वतः लिहिला, तरी यंत्राने लिहिल्यासारखा आहे. कारण त्यात जे आहे ते कुणाच्याही बाबतीत खरं ठरेल. यंत्राला तू 'गुणवत्ता प्रकल्प' एवढंच दिलंस तर ते याहून वेगळं काय देणार? त्याला तुझ्या कारखान्यातली रात्र माहीत नाही. ती रात्र तू लिहून काढलीस की मग स्पेलिंग तपासायला कुणाला द्यायचं ते दे.

तिसरी_पाळी | ६ जुलै, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार. जंगलवाटताईंच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसले आणि पुन्हा तेच झालं, इंग्रजी सुरू केलं की शब्द आपोआप ताठ उभे राहतात. 'लीडरशिप' लिहिलं की पुढे 'एक्सलन्स' येतोच. उद्या बघते.

छावणी | ७ जुलै, सकाळी ६.१०

मी शॉर्ट सर्व्हिसमधून बाहेर पडून आयएसबीला गेलो. तुझ्यासारखाच अडकलो होतो, फक्त माझी भाषा फौजेच्या संक्षेपांची होती. बायको वाचायची आणि म्हणायची, मला कळतच नाही. शेवटी मी तिला जेवताना सांगितलं, ती फक्त 'मग?' म्हणत राहिली, आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. तू मराठीत बोल. आई, आत्या, मैत्रीण, ज्यांना तुझ्या कामातलं काही कळत नाही अशा कुणाशी. ते ऐकून मग इंग्रजी लिही. सोपं इंग्रजी चालतं. परीक्षा इंग्रजीची नाही.

दुसरं, अपयशाबद्दल. तो प्रश्न कुठे ना कुठे येतोच. माझा पहिला मसुदा होता: 'मी कामाला इतका वाहून घेतो की स्वतःकडे दुर्लक्ष होतं.' वरिष्ठ मित्राने कागद परत दिला आणि म्हणाला, हे अपयश नाही, ही तू स्वतःला दिलेली शाबासकी आहे.

जे शेवटी लिहिलं ते असं. उंचावरच्या एका ठाण्यासाठी हिवाळ्याआधी केरोसीनचा साठा करायचा होता. बर्फ पडला की रस्ता बंद, मग वसंतापर्यंत काही येत नाही. मागणीचा कागद मी केला, मागच्या वर्षीचा आकडा उतरवून. पण त्या वर्षी आमची माणसं वाढली होती. जानेवारीत ते लक्षात आलं. चूक माझी होती आणि थंडी माझ्या जवानांनी सोसली. दोन बराकी एक केल्या, स्टोव्ह वाटून घेतले, रोजचा खर्च मी स्वतः मोजू लागलो. कुणाला इजा झाली नाही. पण त्या महिन्यात कुणाच्या डोळ्याला डोळा देणं जड जायचं, आणि तेही मी लिहिलं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला.

माहेर_सोलापूर | ७ जुलै, सकाळी १०.३०

छावणी, फार मनापासून लिहिलंत.

तिसरी_पाळी, तू इचलकरंजीची म्हणालीस. घरी माग आहेत का? असतील तर तेच लिही ना! यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास केलेली मुलगी, वडिलांचे कष्ट, आणि शिकून परत जाऊन तिथल्या मागवाल्यांसाठी काहीतरी करायचं स्वप्न. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

तिसरी_पाळी | ७ जुलै, रात्री १०.४०

आज आत्याला फोन केला. तिला म्हटलं, मी सांगते तू फक्त 'मग?' म्हण. पाऊण तास बोललो. आता ते तसंच टाइप करते, लांबलंय.

आमच्याकडे एक ब्रॅकेट बनतं, पत्र्याचं, त्याला दोन भोकं. ग्राहकाच्या लाइनवर बोल्ट जाईना म्हणून माल परत यायला लागला. आमच्या तपासणीत मात्र सगळा पास. चार महिने हे चाललं. बैठका झाल्या, डायवाल्यांनी आमच्यावर ढकललं, आम्ही त्यांच्यावर. परत आलेल्या पेट्यांच्या तारखा मी एकदा मांडून बघितल्या, तर जवळजवळ सगळ्या तिसऱ्या पाळीच्या. म्हणून एका बुधवारी रात्री साडेबाराला मी शॉपमध्ये जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना, म्हणजे आम्ही आण्णा म्हणतो, खोटंच सांगितलं की ऑडिट आहे.

भोक तपासायला पिनचं गेज असतं. 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे. नवीन पिन बेताने जाते. रात्री जी पिन वापरत होते ती झिजून बारीक झाली होती, त्यामुळे लहान भोकातही सर्रकन जायची. भोक पाडणारा पंच झिजला की भोक लहान पडतं, आणि ते पकडायचं ते गेजच झिजलेलं. म्हणून सगळा माल पास. नवीन गेज आणलेलं होतं की. सुपरवायझरच्या कपाटात, कुलपात, हरवू नये म्हणून. किल्ली त्यांच्या खिशात आणि ते रात्री घरी.

तिथे बीडचा एक कंत्राटी मुलगा आहे. तो मला म्हणाला, "मॅडम, ही पिन लोण्यात सुरी जावी तशी जाते. मला दोन महिन्यांपासून माहीत आहे." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? त्याने तपासणीचा तक्ता दाखवला. इंग्रजीत छापलेला, ओके आणि नॉट ओके अशा दोनच चौकटी. म्हणाला, "पिन जाते म्हणजे ओके. 'पिनच खराब आहे' असं लिहायला जागा कुठाय?"

आत्या इथे 'मग?' म्हणाली आणि मी गप्प झाले. कारण पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या तक्त्यांवर रोज सकाळी सही कुणाची होती? माझी. चार महिने, रोज, न बघता. त्यावर शंभराला शंभर ओके लिहिलेलं असायचं आणि कधीच एकसुद्धा नापास कसा नाही हे मला खटकायला हवं होतं.

मग मी गेज बदलली, किल्लीचा प्रकार बंद करून गेज मशिनपाशी टांगायला लावली. त्यावरून सुपरवायझर माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. तक्ता मराठी आणि हिंदीत केला, शेवटी एक मोकळी ओळ ठेवली: 'आणखी काय दिसलं?' पहिल्या आठवड्यात त्या ओळीत अकरा नोंदी आल्या, त्यातल्या तीन खऱ्या बिघाडांच्या. त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्या ब्रॅकेटची एकही पेटी परत आली नाही.

माहेर_सोलापूर, घरी माग होते, सोळा, साधे. आण्णा खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून द्यायचं. चौथीपासून मजुरीची वही मी लिहायचे. व्यापारी कापडात खोट काढून मजुरी कापायचा, आणि आण्णा म्हणायचे, रात्रीच्या माणसाला विचारल्याशिवाय खोट कुणाची ते लिहायचं नाही. हे मी त्या रात्री आठवून काही केलं नाही. आत्याने आठवण करून दिली.

पण एक स्पष्ट सांगते. मला परत जाऊन माग चालवायचे नाहीत. मला प्लांट हेड व्हायचंय. सध्या मला मालाची गुणवत्ता कळते, पैसा कळत नाही. ताळेबंद कळत नाही, कामगार करार कळत नाहीत, नवीन प्रेस घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा हे कसं ठरवतात ते कळत नाही. म्हणून शिकायचंय. गावासाठी काहीतरी करायचंय असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते माझ्या मनात नाही.

ओसरीवर | ७ जुलै, रात्री ११.२५

हेच लिही. शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा 'एमबीए का' या प्रश्नाचं उत्तर आहे. 'क्षितिजं विस्तारायची आहेत' आणि 'नवीन प्रेस घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ. दुसरं वाचल्यावर मला तुझ्या वर्गात कोणते विषय लागतील ते सांगता येतं.

माहेर_सोलापूर | ८ जुलै, सकाळी ८.४५

पटलं, माझी सूचना मागे घेते. पण सहीचं लिहायचं का? ती चूक आहे, तीही क्वालिटीच्या माणसाची. उगाच आपल्या हाताने संशय का निर्माण करायचा? मला काळजी वाटते.

जंगलवाट | ८ जुलै, दुपारी १२.१०

मला उलट वाटतं. सही काढली तर उरते ती एका हुशार मुलीची गोष्ट, जिने दुसऱ्यांची चूक शोधली. अशा गोष्टी असंख्य येतात. सही ठेवली की कळतं की ती रात्री तिथे का बसली आणि ती मोकळी ओळ का आली. ज्याने स्वतः न बघता सही केली त्यालाच कळतं की दोन चौकटींचा तक्ता पुरत नाही.

माझ्या वेळी इन्सिआडच्या अर्जात प्रश्न होता: स्वतःचं प्रांजळ वर्णन करा, बलस्थानं आणि उणिवा धरून. आणि पुढच्या प्रश्नांत कामगिरीबद्दलही विचारलं होतं आणि अपयशाबद्दलही. प्रश्नांची शब्दरचना बदलत राहते, आत्ताची त्यांच्या संकेतस्थळावर बघ. पण प्रांजळ हा शब्द मी तेव्हा भिंतीवर चिकटवला होता.

मागांबद्दल सावध राहा. ते दोन-तीन वाक्यांत येऊ दे, वही आणि आण्णांचं ते वाक्य, बस. वडिलांचे कष्ट ही आपली कामगिरी नव्हे, आणि गरिबी दाखवून जागा मागितल्यासारखं झालं तर आण्णांनाच आवडणार नाही. 'खर्चीवाले' हा शब्द मात्र ठेव. एका उपवाक्यात अर्थ सांग, जसा वर सांगितलास. परदेशी वाचणाऱ्याला तो शब्द लक्षात राहील.

उद्या_नक्की | ८ जुलै, दुपारी ४.००

शिफारसपत्राचं काय करता सगळे? माझे साहेब म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो.

छावणी | ८ जुलै, रात्री ९.३०

@उद्या_नक्की, नको लिहूस. ते शिफारस करणाऱ्याने स्वतः लिहावं अशीच शाळांची अपेक्षा असते आणि ते थेट त्याच्या ईमेलवर जातं. दुसरं, तुझी वाक्यरचना निबंधात आणि पत्रात सारखी दिसते, वाचणाऱ्याला ते कळतं. बऱ्याच शाळा आता जीमॅटवाल्या संस्थेने ठरवलेले एकसारखे प्रश्न विचारतात. त्यात एक असा असतो: या उमेदवाराला तुम्ही सुधारणेसाठी दिलेला सर्वांत महत्त्वाचा सल्ला कोणता, आणि त्याने काय केलं? याचं उत्तर तू स्वतःबद्दल कसं लिहिणार?

साहेबांना वेळ नसतो हे खरं. मी माझ्या कमांडिंग ऑफिसरना एक पान दिलं होतं. कुठे, कधी, काय झालं अशा सात-आठ घटना, विशेषणं एकही नाहीत. सोबत अर्धा तास बसून चहा. लिहिलं त्यांनी. एका घटनेत मी विसरलेली गोष्ट त्यांना आठवली, आणि तीच त्यांनी लिहिली.

पैनगंगा | ९ जुलै, सकाळी ७.१५

तिसरी_पाळी, ७ तारखेचा प्रतिसाद दोनदा वाचला. व्यवस्थेबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. कॅटवाल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना बहुतेक ठिकाणी हे लागत नाही, मुलाखतीच्या वेळी अर्ध्या तासाच्या आत संपणारी लेखी चाचणी होते तेवढीच, आणि मला ते जास्त समान वाटतं. पण तो बीडचा मुलगा डोक्यातून जात नाही. त्याचं काय झालं?

तिसरी_पाळी | ९ जुलै, रात्री ११.०५

तो अजून कंत्राटीच आहे. त्याला कायम करा म्हणून मी दोनदा लिहून दिलं, झालं नाही. हे निबंधात घालायचं की नाही यावर काल खूप विचार केला. घातलं, एका वाक्यात: जे मला करता आलं नाही ते. प्लांट हेड का व्हायचंय याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

सल्लागाराला आज कळवलं की पुढचं नको. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, ठीक आहे.

ओसरीवर | १० जुलै, सकाळी ९.५०

पहिला परिच्छेद टाक ना इथे, मराठीत. फक्त सुरुवात.

तिसरी_पाळी | १३ जुलै, रात्री १०.२०

चौथा मसुदा आहे:

"बुधवारी रात्री साडेबाराला मी प्रेस शॉपमध्ये एका उलट्या पेटीवर बसले होते. मी तिथे असणं अपेक्षित नव्हतं. चार महिने मी या पाळीच्या तपासणी तक्त्यांवर रोज सकाळी सही करत होते आणि एकदाही तो तक्ता भरणाऱ्या माणसाला भेटले नव्हते. त्या रात्री मी त्याला विचारलं की ही पिन तुला कशी वाटते. त्याने उत्तर दिलं, आणि ते उत्तर त्याला दोन महिन्यांपासून माहीत होतं."

जंगलवाट | १४ जुलै, सकाळी ७.००

'मी तिथे असणं अपेक्षित नव्हतं' हे काढ. उलटी पेटी आणि साडेबारा यातून ते कळतंय. बाकी हात लावू नकोस. आणि एकदा मोठ्याने वाच. जिथे अडखळशील तिथेच इंग्रजी ताठ झालेलं असेल.

तिसरी_पाळी | २० जुलै, रात्री ११.४०

काढलं. आत्याच्या मुलाने इंग्रजी मोठ्याने वाचलं, मी ऐकलं, सहा ठिकाणी बदललं. एक निबंध पूर्ण झाला. मर्यादा पाचशेची होती, ४९१ शब्द झाले. 'आम्ही' तीनदा आलंय, तिन्ही ठिकाणी खरंच आम्ही होतो.

दुसरा निबंध उद्यापासून. कपाटाची किल्ली सुपरवायझरांनी परवा आपणहून माझ्या टेबलावर आणून ठेवली, ते त्यात कसं बसवायचं बघते.

पैनगंगा | २१ जुलै, रात्री १२.१५

ओसरीवर काका, तुम्ही मेसच्या हिशेबाचं विचारलं होतंत. वसतिगृहात दुसऱ्या वर्षी मेस मी बघत होतो. गॅस सिलिंडर महिनाअखेरीला नेहमी कमी पडायचे, आणि कारण शोधायला मी सकाळी पाचला उठून आचाऱ्यांसोबत बसायचो. अर्ज कुठे करणार हे ठरलेलं नाही. पण आज बहिणीला फोनवर सगळं सांगितलं, ती 'मग?' म्हणत होती. सकाळी टाइप करून टाकतो.